आठ सेकंद जास्तीचे

"काका, तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो," सतरा नंबर म्हणाला आणि फळी ओलांडून मैदानात गेला. आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. तक्रारींशी माझा चौतीस वर्षांचा घरोबा आहे. आली की तिला क्रमांक द्यायचा आणि खाली बसवायचं, हे हातांना आपोआप येतं. पण हा सव्वीस-सत्तावीसचा दाढीवाला गडी नुसतं कारण सांगावं तसं बोलला, चपला ओल्या होत्या म्हणून बाहेर ठेवल्या, इतक्या साधेपणानं. समोरच्या भिंतीवर खोलीच्या दाराएवढं घड्याळ होतं. त्याच्या शिक्षेची दोन मिनिटं संपून तिथं शून्य झालेलं सगळ्या हॉलला दिसत होतं. फक्त त्याला दिसत नव्हतं, कारण तो मान खाली घालून बुटांच्या नाड्यांकडे बघत बसला होता. आणि मला दिसत नव्हतं, कारण मी माझ्या आतल्या कुठल्यातरी जुन्या भिंतीकडे बघत बसलो होतो. शेजारची घड्याळवाली बाई "काका, काका" करत होती म्हणे. ती शाळेत गणित शिकवते, दोनदा हाक मारून मूल बघत नसेल तर तिसऱ्यांदा मारत नाही. मी भानावर येऊन सतराच्या खांद्याला हात लावला तेव्हा आठ सेकंद उलटले होते, आणि त्या आठ सेकंदांच्या शेवटच्या सेकंदात लालवाल्यांनी आमच्यावर गोल केला होता.

माझं काम एवढंच होतं. आंतरराष्ट्रीय पुरुष फ्लोअरबॉल अजिंक्यपद स्पर्धा आमच्या शहरात भरली होती, आणि शिक्षा झालेला खेळाडू जिथं दोन मिनिटं बसतो त्या बाकावर मी राखणदार होतो. बाक हे नुसतं म्हणायला, प्रत्यक्षात तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दोन महिन्यांपूर्वी हा खेळ मला ऐकूनही माहीत नव्हता. हॉकीसारखा, पण छपराखाली. काठी हलकी, चेंडू पांढरा, पोकळ आणि सगळ्या अंगाला भोकं पडलेला, माझ्या सर्व्हिस बुकासारखा. गोलरक्षकाच्या हातात काठीच नसते. तो गुडघ्यांवर बसून, हात पसरून, देवाला आणि चेंडूला एकाच वेळी शरण गेल्यासारखा दिसतो. संयोजकांना निवृत्त माणसं हवी होती. मुलाखतीला बसलेल्या तरुणानं विचारलं, "दोन मिनिटं काहीही न करता बसता येईल का?" मी पाणीपुरवठा कार्यालयातल्या चौतीस वर्षांचा दाखला दिला. त्यानं लगेच गळ्यात घालायचं ओळखपत्र दिलं.

खरी गंमत त्या फळीची. मैदानाभोवती पांढरी फळी असते, ती जेमतेम गुडघ्याएवढी. दार नाही, कडी नाही. चार वर्षांचं मूल पाय टाकून पलीकडे जाईल. आणि या फळीच्या अलीकडे, माझ्या शेजारी, सहा-सहा फुटी बाप्ये घामानं निथळत बसतात आणि माझा हात खांद्याला लागल्याशिवाय उठत नाहीत. आमच्या पिवळ्या संघाला तर सक्त ताकीदच होती. आधीच्या सामन्यात त्यांच्यातला एकजण दोन सेकंद आधी उठला होता आणि त्याबद्दल आणखी शिक्षा झाली होती. तेव्हापासून त्यांच्या प्रशिक्षकानं सांगून ठेवलं होतं, की घड्याळाकडे बघायचं नाही, आरडाओरडा ऐकायचा नाही, बाकावरचे काका हात लावतील तेव्हाच उठायचं. पहिल्या दिवशी मला या अधिकाराची इतकी गुदगुल्या झाल्यासारखी गंमत वाटली, की घरी जाऊन मी ते हिला सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे ऑफिसातलंच काम. लोकांना बसवून ठेवायचं." बायकोला नवऱ्याच्या नोकरीचं सार एका ओळीत माहीत असतं, नोकरीत असताना ती सांगत नाही एवढंच.

सतरा नंबरनं काही केलेलंच नव्हतं. गोलरक्षकानं लालवाल्याचा शर्ट मागून धरून ठेवला, आणि पंचांनी दोन बोटं दाखवली. पण गोलरक्षक बाकावर कसा येणार? गोल उघडा पडेल. म्हणून या खेळात गोलरक्षकाची असली शिक्षा दुसरा कुणीतरी भोगतो. कोण, ते कप्तान ठरवतो. कप्तानानं मागे न बघताच हात केला, त्या हाताच्या टोकाला सतरा नंबर उभा होता, तो काठी काखेत मारून आला आणि माझ्या शेजारी बसला. चेहऱ्यावर राग नाही, हौतात्म्य नाही. दंतवैद्याकडे नंबर लावून बसल्यासारखा. मी सहज म्हटलं, "तुमची चूक नव्हती." तो म्हणाला, "त्याला उठवून कसं चालेल? तो गोलात हवा." आणि नाड्यांकडे बघू लागला. मी समोर बघत राहिलो. समोर, फळीच्या पलीकडे, प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत थोरले बसले होते. मी दिलेल्या फुकट पासावर, माझ्याकडे बघून हात हलवत.

थोरले म्हणजे माझे साडू. हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सासरी ते थोरले आणि मी धाकटे, ही नावं लग्नाच्या वर्षी पडली ती पडलीच; सत्तर वर्षांचा माणूस धाकटे म्हणून हाक मारल्यावर "आलो" म्हणतो हे बाहेरच्यांना चमत्कारिक वाटतं, मला सवय आहे. दोघंही एकाच कार्यालयात. ते टाकीवर, पाळीप्रमुख. मी आत, टेबलावर. ते आणि ताई गेले चार दिवस आमच्याकडे राहायला आहेत, स्पर्धेसाठी नव्हे, माझ्यासाठी. उद्या सकाळी दहा वाजता निवृत्त कर्मचारी संघ माझी सत्तरी साजरी करणार आहे. मुख्य भाषण थोरल्यांचं. आज सकाळी चहाच्या वेळी त्यांनी खिशातून चार घडीचा कागद काढला, चष्मा पुसला, आणि आम्हां तिघांसमोर ते वाचूनही दाखवलं. "माझी धरणावर बदली झाली तेव्हा मला परत आणण्यासाठी आमच्या धाकट्यांनी जंग जंग पछाडलं. पाच वेळा माझा अर्ज स्वतः वर नेला. पाच वेळा नकार आला. पण ह्या माणसानं हार मानली नाही." इथं ताईंनी पदर डोळ्यांना लावला. हिनंही लावला, या दोघी बहिणी लहानपणापासून जोडीनं रडतात. मी चहा ढवळत होतो. मला मधुमेह आहे, माझ्या चहात बारा वर्षांत साखर पडलेली नाही, तरी मी तो बराच वेळ ढवळत होतो. थोरले म्हणाले, "कसं वाटतंय? जास्त होतंय का? जास्त होत असेल तर कमी करतो." मी म्हटलं, "पाच वेळा ते राहू दे." म्हणजे, काढून टाका, असं म्हणायचं होतं. त्यांना वाटलं, असू दे. त्यांनी त्याखाली रेघ मारली.

तर सतरा नंबर माझ्या शेजारी दुसऱ्याची शिक्षा भोगत होता, समोर थोरले हात हलवत होते, हॉलमध्ये कुणीतरी ढोल बडवत होतं, आणि मी त्यांच्या बदलीच्या वर्षात गेलो होतो. पाळ्यांचा तक्ता मी करायचो. त्या आठवड्यात ही सातव्या महिन्यात, डॉक्टरांनी पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही म्हणून सांगितलेलं; मी रात्री जागून दिवसा तक्ते करत होतो, आणि एका रविवारी टाकीवरच्या दोन्ही माणसांना मी एकाच वेळी सुट्टी दिली. टाकीवर कुणीच नाही. पाणी भरत राहिलं, भरून वाहत राहिलं, उतारानं खाली गेलं आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात शिरलं. सोमवारी सकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर शेकडो पुस्तकं वाळत घातली होती, पानं फुगलेली, पोटं वर करून. ग्रंथपाल बाई एकेक पान सुटं करत बसल्या होत्या. त्या कुणावर ओरडत नव्हत्या. साहेबांना माणूस हवा होता. कोण, याबद्दल त्यांचा आग्रह नव्हता. धरणावरच्या पंपघरात जागा रिकामी होती, दोन वर्षांची शिक्षा म्हणून तिथं कुणीतरी जायला हवं होतं. मी जायला हवं होतं. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी थोरले माझ्याकडे आले, स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी सांगतो की तुझा तक्ता बरोबर होता, मीच तोंडी बदल केला. हिला अशा अवस्थेत तू तिकडं नेणार आहेस का? आम्हां दोघांना काय, पाठीवर बिऱ्हाड. दोन वर्षं. तोवर तू इथं टेबलावर आहेस, वेळ झाली की माझा कागद वर सरकव. झालं." त्यात काही नाट्य नव्हतं. पेला विसळून त्यांनी पालथा घातला.

दोन वर्षं झाली. त्यांचा अर्ज आला. तोवर बदल्यांचं टेबल माझ्याकडे आलं होतं, म्हणजे देवळात जाऊन देवाला भेटावं तर देव ओळखीचा. मी तो अर्ज वाचला. अक्षर छान, मजकूर तीन ओळींचा. आणि तो मी टेबलाच्या डाव्या बाजूच्या खालच्या खणात ठेवला. उद्या बघू म्हणून. यात कट नव्हता हे मी शपथेवर सांगेन. कट करायला जो उत्साह लागतो तो माझ्यात कधीच नव्हता. मी फक्त ठेवला. नंतर तो काढायचा म्हटला की उशीर का झाला हे लिहावं लागणार होतं, आणि जितका उशीर होत गेला तितकं ते लिहिणं लांबत गेलं. थोरल्यांना मी कळवलं, वरून नकार आला. त्यांनी पुढल्या वर्षी दुसरा अर्ज पाठवला. असे पाच. एकावर एक. सातव्या वर्षापासून त्यांनी पाठवणं थांबवलं. नवव्या वर्षी सरकारनं पंपघरच बंद केलं तेव्हा थोरले आपोआप परत आले, आणि स्टेशनवर मला मिठी मारून म्हणाले, "तू केलंस हो जमेल तेवढं."

लोकांना, म्हणजे स्वतःला, मी कारण सांगत आलो ते असं, की फाइल पुन्हा उघडली असती तर जुनी चौकशी निघाली असती, तक्ता निघाला असता, ग्रंथालय निघालं असतं. कारण चांगलं आहे. कुठल्याही चौकशी समितीपुढे टिकेल. पण रात्री झोप लागण्याआधी जी दोन मिनिटं असतात त्यात ते टिकायचं नाही. खरं कारण इतकं क्षुल्लक आहे, की खून केला असता तर सांगायला सोपं गेलं असतं. थोरले शहरात होते तोवर सासरी दर रविवारच्या जेवणाला तेच बोलायचे. ते बोलले की सासरे हसायचे, मेव्हणे हसायचे, ही हसायची, अगदी पोटभर. मीही काही गोष्टी तयार करून न्यायचो. मी बोलायला लागलो की कुणीतरी म्हणायचं, वाटी सरकवा जरा. थोरले धरणावर गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी साहेबांची नक्कल केली आणि सासरे हसले. चष्मा काढून डोळे पुसण्याइतके हसले. मला आठवतंय, मी घरी येताना पायी आलो, बस सोडून दिली. त्यानंतर रविवार माझे झाले. वर्षभरानं, दोन वर्षांनी, खणातला तो कागद हाताला लागला की मला ती मेजावरची जागा दिसायची, सासऱ्यांच्या उजव्या हाताची, आणि मी खण लोटायचो.

"काका!" ही घड्याळवाल्या बाईंची दुसरी हाक असावी. मी दचकलो, सतराच्या खांद्याला हात लावला, आणि तेवढ्यात चेंडू जाळ्यात गेला. मग ते वाक्य. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो.

पिवळ्यांचा प्रशिक्षक टेबलापाशी आला आणि त्यानं बरंच काही सांगितलं. पंच आले. दोन्ही पंचांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मी उभा राहिलो. "माझी चूक," मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी जोडीनं कधी उच्चारले नव्हते. तोंडात थोडे अडखळले, पण निघाले. मोठ्या पंचांनी नियमपुस्तक चाळलं. खेळाडू लवकर उठला तर काय करायचं, हे त्यांना ताबडतोब सापडलं. त्याला उशिरा उठवलं तर काय, याबद्दल त्यांना काही सापडेना. त्यांनी पानं दोनदा मागेपुढे केली. "गोल राहील," ते शेवटी म्हणाले, आणि बाईंना सांगितलं, शेऱ्याच्या रकान्यात लिहा. बाईंनी पेन माझ्याकडे दिलं. मी लिहिलं, आठ सेकंद जास्त बसवलं. खाली सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, वाचता येण्याजोगी आली. दरम्यान समोरच्या तिसऱ्या रांगेत थोरले उभे राहून शेजारच्या माणसाशी तावातावानं भांडत होते. ऐकू येत नव्हतं, पण मुद्दा दिसत होता. ते एकदा बाईंकडे, एकदा घड्याळाकडे बोट करत होते, आणि माझ्याकडे बोट आलं की हात छातीवर ठेवत होते.

हा सामना तिसऱ्या क्रमांकासाठीचा होता हे सांगायला हवं. उपान्त्य फेरीत हरलेल्या दोन संघांना घरी जाऊ न देता, आदल्या दिवशी रडलेल्या डोळ्यांनिशी पुन्हा खेळायला लावतात, म्हणजे दोघांतलं जास्त दुःखी कोण ते ठरतं. हॉल निम्मा रिकामा होता. दुसरा डाव संपला तेव्हा लाल चार, पिवळे तीन. मधली सुट्टी दहा मिनिटांची. खेळाडू आत गेले, दोन बायका लांब दांड्याचे झाडू घेऊन फरशी पुसायला आल्या, आणि थोरले दोन्ही हातांत कागदी पेले घेऊन, गुडघ्याला जपत, पायऱ्या उतरून माझ्याकडे आले. सतरा नंबरच्या खुर्चीत बसले.

"घे. बिनसाखरेची आहे. त्या बाईची चूक."

"माझी."

"तिचं घड्याळ पुढं होतं. मी बघितलं ना."

"थोरले, माझी चूक होती. मी लिहून दिलंय."

"बघ! हेच तुझं," ते कॉफी फुंकत म्हणाले. "उगाच अंगावर घेतोस. लोकांना सवय लागते. उद्या भाषणात हेही घालतो."

ह्यावर हसायला हवं होतं. सबंध आयुष्यात मला कुणी तयार करून दिलेला इतका उत्तम विनोद मिळाला नव्हता, आणि तो मला एकट्यालाच कळत होता. झाडूवाल्या बायका मध्यरेषेपर्यंत आल्या होत्या. घड्याळात सुट्टीची आठ मिनिटं आणि काही सेकंद उरले होते. मला वाटलं, उद्या संध्याकाळी सांगू, कार्यक्रम झाल्यावर. आता कशाला त्यांचं भाषण बिघडवा. हा विचार मी ओळखला. चांगला जुना, ओळखीचा विचार होता. तो डाव्या बाजूच्या खालच्या खणातून आला होता.

"तुमचे अर्ज मी वर नेले नाहीत," मी म्हणालो.

"कुठले?"

"धरणावरचे."

"पाच वेळा नेलेस की."

"एकदाही नाही. माझ्या खणात होते."

थोरल्यांनी पेला गुडघ्यावर ठेवला. पाण्यावर नोकरी केलेल्या माणसाला पातळी किती आली हे बघायची सवय असते, तसे ते थोडा वेळ समोर बघत राहिले.

"कुठल्या खणात?"

"डाव्या. खालच्या."

"डबा ठेवायचास त्या?"

"हो."

"मी एकदा चौकशीला आलो होतो. चौथ्या वर्षी. तू साहेबांकडे आत गेला होतास. भूक लागली म्हणून मीच तो खण उघडून तुझा डबा काढला. खाल्ला."

"आठवतं."

"म्हणजे त्याच्या खाली."

"डब्याच्या खाली. हो. तीन होते तेव्हा."

"डब्याला तर काही चिकटलं नव्हतं," ते स्वतःशी म्हणाले, जणू आपण त्या दिवशी नीट बघितलं नाही यात आपलीच काही हयगय झाली. मग माझ्याकडे वळले. "का पण?"

मी चौकशीचं कारण तोंडात आणलं होतं. फाइल, तक्ता, ग्रंथालय, सगळं ओळीनं उभं होतं. "तुम्ही नसताना," मी म्हणालो, "रविवारी माझे विनोद चालायचे."

"तुझे?" थोरले म्हणाले.

त्यात खरोखरचं आश्चर्य होतं. सात वर्षांच्या अन्यायानं त्यांचा चेहरा जेवढा हलला नव्हता तेवढा ह्यानं हलला. ओठांच्या कोपऱ्याशी काहीतरी यायला लागलं, आणि मी क्षणभर आशेनं बघितलं, की हे आता हसतील, मांडीवर थाप मारतील, आणि मी सुटेन. ते आलं तसं मावळलं. त्यांनी पेला खाली फरशीवर ठेवला, अगदी खुर्चीच्या पायाला लागून, कुणाचा पाय लागू नये असा.

"आमची दोन वर्षं संपत आली तेव्हा हिनं सामान बांधलं," ते म्हणाले. "कपबशा, चांगल्या चादरी, भिंतीवरचे फोटो. आता पत्र येईल म्हणून. मग नकार आला. मी म्हटलं, सोड. ही म्हणाली, कशाला, पुढल्या वर्षी परत बांधायची. सात वर्षं ती खोकी भिंतीला लावून होती. आम्ही दोघं पितळेच्या दोन पेल्यांत चहा प्यायचो. पाहुणा आला की एकानं थांबायचं." त्यांनी फरशीवरच्या पेल्याकडे बघितलं. "इथं आल्यावर खोकी उघडली. एक कपसुद्धा फुटला नव्हता. हिला कोण आनंद. म्हणाली, बघा, कशी बांधली होती."

माफी मागायची तर तिलाही काहीतरी आकार लागतो, बशीएवढा तरी. झाडूवाल्या बायका बाहेर गेल्या. लाल संघ परत येऊन फळीवर काठ्या आपटू लागला.

"उद्या..." मी म्हणालो.

"उद्या मी येणार. पहिल्या रांगेत बसणार, टाळ्या वाजवणार. भाषण नाही करणार." त्यांनी खिसा चाचपला, पण कागद काढला नाही. "घसा बसला म्हणून सांगेन. तेवढं चालेल. पण हिला तू सांगायचंस. आज. घरी गेल्यावर."

"ताईंना?"

"मग कुणाला? खोकी तिनं बांधली." ते उठले, गुडघा सरळ व्हायची वाट बघितली. "इतकी वर्षं तुझं म्हणून जे काही होतं ते मी सांगत आलो. हे मी सांगणार नाही."

भोंगा झाला. ते पायऱ्या चढून त्यांच्या जागी गेले, आणि शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली. भांडणाचं तो विसरला होता. तिसऱ्या डावात एका लालवाल्याला दोन मिनिटं मिळाली. तो माझ्याशी त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, मी माझ्या भाषेत "असू दे" म्हणालो. वेळ संपायच्या दहा सेकंद आधीपासून मी हात त्याच्या खांद्याच्या वर धरून बसलो होतो, आशीर्वाद देत असल्यासारखा. बाईंनी शून्य म्हटलं, मी हात टेकवला. पिवळ्यांनी बरोबरी केली, मग लालवाल्यांनी आणखी एक केला, आणि पिवळे चौथे आले. माझे आठ सेकंद नसते तर काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही. हा अशा चुकांचा मोठा आधार असतो. सतरा नंबर जाताना सगळ्या टेबलाशी हात मिळवत गेला. माझ्याशीही. हात ओला आणि गरम होता.

घरी आम्ही बसनं आलो. थोरले खिडकीशी, मी शेजारी. एरवी ते बसमध्ये तिकीट तपासनीसापासून चालकाच्या सासूपर्यंत सगळ्यांवर बोलतात. आज ते दुकानांच्या पाट्या वाचत होते, मनात, ओठ हलवून. मला वाटेत तीन वेळा असं वाटलं, की ते आता म्हणतील, जाऊ दे, इतकी वर्षं झाली. त्यांच्या स्वभावात ते बसतं. प्रत्येक थांब्यावर मी थोडी वाट बघितली. आमचा थांबा आला. जिना चढताना ते दोन पायऱ्या मागे राहिले आणि मला पुढं जाऊ दिलं.

दार हिनं उघडलं. "कोण हरलं?" तिनं विचारलं, कारण मी काम केलेल्या सामन्यात जिंकतं कोण हे ती विचारत नाही. "आपले," थोरले म्हणाले, आणि तिला हाताला धरून, "चल, मला त्या तुझ्या झाडांना काय झालंय ते दाखव," म्हणत गच्चीत घेऊन गेले आणि गच्चीचं दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात ताई गॅससमोर उभ्या होत्या, एक हात कमरेवर, एक पातेल्याच्या कडेशी. पंच्याहत्तरीच्या बाई, अजून पाठ सरळ.

"ताई, जरा बसता का?" मी म्हणालो. "थोडं सांगायचंय."

"उभ्यानंच सांगा, धाकटे," त्या वळून न बघता म्हणाल्या. "गॅसवर दूध आहे."

मी पुढं होऊन गॅस बंद केला.